शॉर्टकट दाबला की भलतंच होतंय? बदलण्याआधी तो मध्येच कोण खातंय ते शोधा

कस्टम शॉर्टकट लावला, सेव्ह पण झाला, पण दाबल्यावर काहीच होत नाही, किंवा होतं ते भलतंच. असं झालं की बहुतेक लोक दुसरं कॉम्बिनेशन लावून बघतात, ते नाही चाललं की तिसरं, मग चौथं, आणि शेवटी वैतागून माउसने क्लिक करत बसतात. यात मूळ भांडण कुणाकुणात होतं ते कळतच नाही, वर अर्धवट लावून सोडलेले दोन-चार शॉर्टकट सिस्टीममध्ये तसेच पडून राहतात आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडेच नडतात. म्हणून आधी हात आवरा, कुठलंही सेटिंग बदलू नका, ती की मध्ये कोण पकडतंय एवढंच शोधा. ते सापडलं की काय बदलायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

दाबलेली की थेट तुमच्या सॉफ्टवेअरपर्यंत जात नाही. आधी कीबोर्ड स्वतः (लॅपटॉपवर एफएन लॉकचं सेटिंग तसं असेल तर एफ५ दाबूनही एफ५ जातच नाही, ब्राइटनेस नाहीतर आवाज बदलतो), मग विंडोज, मग घड्याळाशेजारी ट्रेमध्ये गुपचूप बसलेले प्रोग्रॅम, मग समोर उघडलेलं ॲप, त्यात टाकलेलं एखादं ॲड-इन किंवा एक्स्टेन्शन, आणि सगळ्यात शेवटी ॲपच्या आत जिथे कर्सर आहे तो भाग. पाटाच्या पाण्यासारखं आहे, वरच्याने दार उघडून घेतलं की टेलच्या शेतात थेंब येत नाही, आणि टेलवाला बिचारा आपलीच पाइपलाइन तपासत बसतो.

पहिली टेस्ट

सगळी ॲप मिनिमाइज करा, डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर एक क्लिक करा आणि तुमचा शॉर्टकट दाबा. तिथेही काहीतरी झालं, स्क्रीन फिरली, कॅल्क्युलेटर उघडला, भाषा बदलली, तर भांडण तुमच्या सॉफ्टवेअरच्या आत नाहीच, वर कुठेतरी आहे. डेस्कटॉपवर काही होत नाही पण ॲपमध्ये भलतंच होतं, तर ते ॲपच्या आतलं. आणि कुठेच काही होत नसेल तर दोन शक्यता, एक तर कुणीतरी की गिळून गप्प बसलंय, नाहीतर की पोचतच नाही. दुसरी शक्यता आधी निकालात काढा, विंडोज+कंट्रोल+ओ दाबलं की ऑन-स्क्रीन कीबोर्ड येतो, त्यात खऱ्या कीबोर्डवर दाबलेली की उजळलेली दिसते. कंट्रोल किंवा शिफ्ट अडकून राहिली असेल तर तीही इथेच दिसेल, आणि तसं असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागूच नका, कीबोर्ड साफ करा.

विंडोज लेव्हलची भांडणं

ग्लोबल हॉटकीच्या, म्हणजे कुठलंही ॲप समोर असलं तरी चालणाऱ्या शॉर्टकटच्या बाबतीत विंडोजचा नियम असा की जो आधी मागेल त्याला मिळेल. एका प्रोग्रॅमने कंट्रोल+ऑल्ट+स्पेस नोंदवलं की दुसऱ्याने तेच मागितल्यावर विंडोज त्याला एरर देतं, १४०९ नंबरची, म्हणजे ही हॉटकी आधीच नोंदलेली आहे. आता ही एरर युजरला दाखवायची की नाही हे त्या प्रोग्रॅमच्या हातात असतं, आणि कित्येक प्रोग्रॅम ती गिळून टाकतात, सेटिंगमध्ये तुमचा शॉर्टकट छान दिसत राहतो, फक्त चालत नाही. "काल चालत होता, आज नाही, मी तर काहीच बदललं नाही" ही जी तक्रार असते ना, तिचं मूळ बरेचदा इथे असतं, आज दुसरा प्रोग्रॅम आधी सुरू झाला आणि त्याने नंबर लावला.

ऑल्ट+स्पेस हे याचं चांगलं उदाहरण. विंडोजमध्ये ते फार जुन्या काळापासून खिडकीचा मेनू उघडायला आहे (मूव्ह, साइज, क्लोज वगैरे), पॉवरटॉइज रन (मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या फुकट टूलसंचातलं ॲप शोधून उघडायचं टूल) तेच वापरतं, चॅटजीपीटीचं डेस्कटॉप ॲपही तेच मागतं. तिघंही एकाच मशीनवर असतील तर एकाला कुठेतरी दुसरीकडे हलवावंच लागणार, आणि तुम्ही चौथं म्हणून ऑल्ट+स्पेसला आपलं काही लावायला गेलात तर नशिबावरच आहे.

सहसा कुणाच्या लक्षात न येणारा चोर म्हणजे साधा डेस्कटॉपवरचा आयकॉन. शॉर्टकट आयकॉनवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात तर "शॉर्टकट की" असा एक रकाना असतो. तिथे कधीकाळी कुणी एखादं अक्षर टाकलं असेल तर विंडोज त्याला आपोआप कंट्रोल+ऑल्ट जोडतं आणि ते सगळीकडे लागू होतं. स्टार्ट मेनूमधल्या आयकॉनचंही तसंच. ऑफिसात मशीन हातोहात फिरलेलं असतं, आधीच्या माणसाने काय लावून ठेवलंय कोण बघतो, पण तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल+ऑल्ट+सी दाबल्यावर कॅल्क्युलेटर उघडत असेल तर आधी हे रकाने बघा.

कंट्रोल+ऑल्ट+बाण दाबल्यावर स्क्रीन आडवी-उलटी होते, हे जुन्या इंटेल ग्राफिक्स ड्रायव्हरचं काम. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+ऑल्ट+वरचा बाण म्हणजे वरच्या ओळीवर अजून एक कर्सर, त्यामुळे कोड लिहिणाऱ्यांना हे हमखास भेटतं. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये सिस्टीमखाली हॉटकीज बंद करता येतात, बंदच करून टाका, स्क्रीन उलटी करायची गरज रोज कुणाला पडते.

भाषा बदलण्याच्या कीज हा मराठी टाइप करणाऱ्यांचा खास त्रास. दोन भाषा टाकल्या की डावा ऑल्ट+शिफ्ट भाषा बदलतो, आणि कंट्रोल+शिफ्ट त्याच भाषेतला कीबोर्ड बदलतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट+शिफ्ट+काहीतरी असेल आणि तिसरी की दाबण्याआधी बोट सुटलं की भाषा बदलली, पुढचं सगळं देवनागरीत. विंडोज+स्पेसने भाषा बदलता येतेच, मग या दोन कीज कशाला अडवून ठेवायच्या? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉटकीज, मग चेंज की सीक्वेन्स, आणि दोन्हीकडे "नॉट असाइन्ड". मी तर नवीन मशीन हातात आलं की हे आधी करतो आणि मग बाकीचं.

₹ गायब होतो तेव्हा

एक केस जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडच्या मशीनवरच होते. वर्डमध्ये कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ हे हेडिंग १, २, ३ साठी आधीपासून असतात. मोठे रिपोर्ट करणारा माणूस साहजिकच हेडिंग ४ ला कंट्रोल+ऑल्ट+४ लावतो. लावताना वर्डची खिडकी "सध्या कुणाला दिलंय" या ओळीत अनअसाइन्ड म्हणते, म्हणजे मोकळं आहे, लावा खुशाल. आणि मग दोन दिवसांनी कोटेशन बनवताना उजवा ऑल्ट आणि ४ दाबून ₹ काढायला जावं तर ₹ येत नाही आणि अख्खा पॅरेग्राफ हेडिंग होऊन बसतो.

झालं काय, तर इंग्लिश (इंडिया) कीबोर्डमध्ये उजवा ऑल्ट हा साधा ऑल्ट नसतो, ऑल्ट-जीआर असतो, आणि विंडोज ऑल्ट-जीआरला कंट्रोल+ऑल्ट म्हणूनच पुढे पाठवतं. वर्डच्या दृष्टीने उजवा ऑल्ट+४ आणि कंट्रोल+ऑल्ट+४ एकच. ₹ ही काही वर्डची कमांड नाही, कीबोर्ड लेआउटमधलं अक्षर आहे, त्यामुळे वर्डच्या यादीत ते कधी दिसलंच नाही. शेजारच्या टेबलवर तोच शॉर्टकट बिनतक्रार चालतो, कारण तिथे इंग्लिश (यूएस) लेआउट आहे, त्यात ऑल्ट-जीआर नाही आणि ₹ पण नाही. "माझ्याच मशीनवर का" असं वाटलं की म्हणूनच टास्कबारवर भाषेचं चिन्ह बघायचं, इंग्लिश लिहिलेलं असलं तरी कुठलं इंग्लिश ते बघायचं.

हेडिंग ४ ला दुसरं काहीतरी द्या, झालं. नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर इंग्लिश (यूएस) सोडून दुसरा कुठलाही लेआउट वापरत असाल तर कंट्रोल+ऑल्ट+अक्षर किंवा आकडा लावण्याआधी नोटपॅडमध्ये ते दाबून बघा, एखादं अक्षर उमटलं तर ती जागा मोकळी नाही.

चोर सापडत नसेल तर

ट्रेमधले प्रोग्रॅम एकेक करून बंद करायचे आणि दरवेळी शॉर्टकट दाबून बघायचा. कंटाळवाणं आहे पण चालतं. स्क्रीनशॉटवाले, क्लिपबोर्डवाले, गेमिंगचे ओव्हरले, मीटिंगची ॲप यांच्यापासून सुरुवात करा. झूममध्ये प्रत्येक शॉर्टकटपुढे ग्लोबल करायचा चौकोन असतो, तो टिक असेल तर झूम मागे असतानाही की त्याच्याकडे जाते. हे सगळं करायचं नसेल तर हॉटकी डिटेक्टिव्ह नावाचं छोटं फुकट टूल मिळतं, ते चालू करायचं, शॉर्टकट दाबायचा, आणि ती हॉटकी कुठल्या प्रोग्रॅमची आहे त्याचं नाव ते दाखवतं. मात्र विंडोजला रीतसर सांगून नोंदवलेल्या हॉटकीच त्याला दिसतात. ऑटोहॉटकीची (स्वतःचे शॉर्टकट लिहून चालवायचं टूल) स्क्रिप्ट किंवा पॉवरटॉइजचा कीबोर्ड मॅनेजर हे हुक टाकून की वरच्या वर पकडू शकतात, ते तिथे दिसतीलच असं नाही, त्यांना बंद करूनच तपासावं लागतं. पॉवरटॉइजच्या अलीकडच्या आवृत्त्या आपल्या शॉर्टकटमधली भांडणं सेटिंगमध्येच दाखवतात, ती खूण दिसली तर दुर्लक्ष करू नका.

शॉर्टकट बाकी सगळीकडे चालतो आणि एकाच सॉफ्टवेअरमध्ये मरतो, तेव्हा ते सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का बघा. अकाउंटिंगची सॉफ्टवेअर कित्येक ऑफिसात "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करूनच चालवतात. ऑटोहॉटकी किंवा पॉवरटॉइज साध्या हक्काने चालू असेल तर ॲडमिन खिडकीसमोर त्याचं काही चालत नाही, विंडोजची सिक्युरिटीच तशी आहे, यात भांडण नाहीये.

ॲपच्या आतलं भांडण: व्हीएस कोड

व्हीएस कोड बनवणाऱ्यांनी यासाठी फार चांगली सोय केलीय आणि लोक वापरत नाहीत. कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून "टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग" ही डेव्हलपर कमांड चालवा. खाली आउटपुट उघडतं, आता शॉर्टकट एकदाच दाबा आणि ओळी वाचा. कुठली की आली, तिचं काय समजलं, किती नोंदी तिच्याशी जुळल्या आणि शेवटी कुठली कमांड निवडली, सगळं लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट आल्याच्या ओळी दिसतात पण बाणाची ओळच येत नाही असं झालं, तर समजा की तिसरी की विंडोजच्या पातळीवरच कुणीतरी उचलली, आता कोडमधलं एकही सेटिंग बदलून उपयोग नाही, परत वर जा.

सगळ्या ओळी आल्या आणि कमांड मात्र भलतीच निवडली गेली, तर कंट्रोल+के आणि मग कंट्रोल+एस दाबून शॉर्टकटची यादी उघडा, सर्चच्या बाजूला की रेकॉर्ड करायचं बटण आहे ते दाबून तुमचं कॉम्बिनेशन दाबा, त्या कीवर दावा सांगणाऱ्या सगळ्या कमांड एकाखाली एक येतात. सोर्स कॉलममध्ये कळतं कुठली मूळची, कुठली एक्स्टेन्शनची, कुठली तुम्ही लावलेली. नियम खालून वर तपासले जातात आणि पहिला जुळेल तो घेतला जातो, तुमचे नियम सगळ्यात खाली असतात म्हणून साधारणपणे तुमचंच चालतं. चालत नसेल तर "व्हेन" कॉलम बघा, भानगड नव्वद टक्के तिथे असते. उदाहरणार्थ कंट्रोल+बी ने साइडबार बंद होतो, पण मार्कडाउन ऑल इन वन हे एक्स्टेन्शन टाकलं की मार्कडाउन फाइलमध्ये त्याच कीने अक्षरं ठळक होतात, बाकी फाइलींत साइडबारच. हे बिघाड वाटतं पण मुद्दाम केलेलं आहे, "व्हेन" मध्ये तशी अट लिहिलेली असते. नको असेल तर त्या ओळीवर राइट-क्लिक करून रिमूव्ह कीबाइंडिंग करा. ती ओळ खरी पुसली जात नाही, तुमच्या कीबाइंडिंग्जच्या फाइलमध्ये कमांडच्या नावाआधी वजा चिन्ह लावून एक नोंद पडते, पुढे कधी पश्चात्ताप झाला तर ती नोंद काढायची.

अजून एक, कंट्रोल+के हे एकटं कुणालाच देऊ नका. कंट्रोल+के ने सुरू होणारे दोन टप्प्यांचे शॉर्टकट तिथे ढीगभर आहेत, ते सगळे एकदम झोपतात. आणि कर्सर टर्मिनलमध्ये असेल तर बऱ्याच कीज शेलकडे जातात, तिथे दाबून "चालत नाही" म्हणू नका.

वर्ड आणि एक्सेल

वर्डमध्ये शॉर्टकट कुठे सेव्ह केला यावर सगळं असतं. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, खाली कीबोर्ड शॉर्टकट्ससमोर कस्टमाइझ, त्या खिडकीत "सेव्ह चेंजेस इन" असं असतं. तिथे नॉर्मल टेम्प्लेट असेल तर सगळीकडे, डॉक्युमेंटचं नाव असेल तर फक्त त्या डॉक्युमेंटपुरतं, आणि दोन्हीकडे एकच की वेगवेगळ्या कामाला असेल तर डॉक्युमेंटवालं जिंकतं. म्हणून दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलमध्ये तुमचा शॉर्टकट वेगळं वागू शकतो. नक्की काय काय लावून ठेवलंय ते एकदम बघायचं असेल तर प्रिंटमध्ये "प्रिंट ऑल पेजेस" च्या जागी "की असाइनमेंट्स" निवडा, कागद घालवायचा नसेल तर पीडीएफ काढा.

एक्सेलमध्ये प्रकार जास्त घातक आहे. तिथे कस्टम शॉर्टकट म्हणजे मॅक्रो, आणि मॅक्रोला कंट्रोल+व्ही दिलं तर एक्सेल हूं की चूं करत नाही, ती वर्कबुक उघडी आहे तोवर पेस्टच्या जागी मॅक्रो चालतो, उघडलेल्या सगळ्या फाइलींत, फक्त त्याच फाइलमध्ये नाही. शिवाय मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की अनडूची यादी साफ होते, मागे येता येत नाही. कुणीतरी पूर्वी व्हॅल्यू पेस्ट करायला कंट्रोल+शिफ्ट+व्ही चा मॅक्रो केलेला असतो, आता नव्या एक्सेलमध्ये तेच काम मूळचंच आलंय त्याच कीवर, आणि जुना मॅक्रो अजून मध्ये उभा असतो. ऑल्ट+एफ८ दाबा, खाली "मॅक्रोज इन" मध्ये सगळ्या उघड्या वर्कबुक निवडा, एकेका मॅक्रोवर ऑप्शन्स बघा. पर्सनल मॅक्रो वर्कबुकही विसरू नका, ती एक्सेलबरोबर दरवेळी उघडते आणि लपलेली असते, गरज पडली तर व्ह्यू मध्ये अनहाइड करून तपासा.

फोटोशॉपबद्दल फार बोलायला नको, तिथे आधीच वापरातली की दिली की ते स्पष्ट सांगतं कुठल्या कमांडकडून काढली जाईल, फक्त लोक न वाचता ॲक्सेप्ट करतात. प्रीमियर प्रोमध्ये रंगांवरून कळतं, जांभळी की सगळीकडे लागू, हिरवी त्या पॅनलपुरती, आणि पॅनल सिलेक्ट असेल तर हिरवीचं आधी चालतं.

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बघा. क्रोममध्ये एक्स्टेन्शन्सच्या पानावर डावीकडे कीबोर्ड शॉर्टकट्स आहे, तिथे प्रत्येकासमोर "इन क्रोम" की "ग्लोबल" ते निवडता येतं, ग्लोबल असेल तर ते क्रोमच्या बाहेरही तुमची की पळवतं. कंट्रोल+डब्ल्यू, टी, एन या कीज साध्या टॅबमध्ये वेबसाइटला मिळतच नाहीत, त्यामुळे ऑनलाइन टूलमध्ये त्या लावायच्या नादी लागू नका.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी

मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये टक्कर असेल तर पिवळा त्रिकोण दिसतो, पण तो सिस्टीमच्या आपापसातल्या भांडणाचा, ॲपबरोबरचा नाही. मराठी आणि इंग्लिश दोन्ही टाकलं की कंट्रोल+स्पेस भाषा बदलायला जातं, आणि कोड एडिटरमध्ये सजेशन यायचं बंद होतं. इनपुट सोर्सेसमध्ये जाऊन ते बदला.

लिनक्सवर आयबस, म्हणजे वेगवेगळ्या भाषांत टाइप करायची सोय देणारा प्रोग्रॅम. मराठी टायपिंगला बरेच जण तेच वापरतात म्हणून काढून टाकता येत नाही, पण त्याच्या काही आवृत्त्यांत कंट्रोल+टिंब ही की इमोजीसाठी असते, दाबली की अधोरेखित इंग्रजी ई (e) उमटतो आणि व्हीएस कोडचं क्विक फिक्स (चूक दुरुस्त करायची सुचवणी) काही येत नाही. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये इमोजी टॅबवर ती की काढा. देवनागरी लेआउट चालू असताना व्हीएस कोडचे शॉर्टकट लागत नसतील तर कीबोर्ड डॉट डिस्पॅच हे सेटिंग "कीकोड" करून एडिटर बंद करून परत उघडा.

नवीन की निवडताना

शेवटी हलवायची वेळ आलीच तर ज्याची की बाहेरून सगळ्यांना नडते त्या ग्लोबलवाल्याला हलवा, ॲपच्या आतल्याला नाही, कारण ॲपचे शॉर्टकट तुमच्या बोटांत बसलेले असतात आणि हेल्पमध्ये, व्हिडिओत तेच असतात. विंडोज की असलेली कॉम्बिनेशन टाळा, मायक्रोसॉफ्ट ती आपल्यासाठी राखून ठेवतं आणि दर अपडेटला त्यात काहीतरी नवीन येऊ शकतं. विंडोज+एल आणि कंट्रोल+ऑल्ट+डिलीट यांच्या वाटेला तर जाऊच नका. काही हुशार लोक कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+विंडोज अशा चारही कीज एकत्र बांधतात, इथे कोण येणार म्हणून, पण विंडोजमध्ये तेही आधीच घेतलेलं आहे, त्याला एल जोडून बघा, लिंक्डइन उघडतं. खरंच. कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट बरोबर एखादं अक्षर ही त्यातल्या त्यात मोकळी जागा, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथेही गर्दी असते, दाबून बघूनच लावा.

आणि सगळं जमल्यावर लगेच खूश होऊ नका, मशीन एकदा रिस्टार्ट करून परत दाबा. आधी मागेल त्याला की मिळते हे वर सांगितलंच, आत्ता चाललं ते कदाचित तुम्ही दुसरा प्रोग्रॅम बंद केला होता म्हणून चाललं असेल. रिस्टार्टनंतर परत गेलं तर टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्सची यादी उघडा, त्यातला जो मशीनबरोबर आपोआप सुरू होतो आणि तुम्हाला रोज लागत नाही तो डिसेबल करा, आणि अजून एकदा रिस्टार्ट.